एक प्रॉडक्ट, पाच टीम्स: मेळ कसा बसवायचा

आतापर्यंत तुमच्याकडे एक टीम होती. आता तुम्हाला सांगितलंय, "प्रॉडक्ट एकच आहे, टीम्स पाच आहेत, त्यांचं सगळं जुळतंय ना ते तुम्ही बघा." तीन वर्षांपूर्वी हेच माझ्या वाट्याला आलं. आमचं प्रॉडक्ट म्हणजे छोट्या दुकानदारांसाठीचं ॲप: क्यूआरवर जमा झालेले पैसे, संध्याकाळचा हिशेब आणि त्या हिशेबाच्या जोरावर मिळणारं छोटं कर्ज. तीन टीम्स मुंबईत अंधेरीला, दोन नवी मुंबईत ऐरोलीला, मिळून ३५ माणसं. त्याआधी चार वर्षं मी एका टीमची स्क्रम मास्टर होते, म्हणजे स्क्रम ही छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत टीममध्ये नीट चालतेय ना ते बघणारी, आणि ती टीम छान चालायची. मला वाटलं, तेच काम आता पाच ठिकाणी करायचं. पहिले तीन महिने कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. प्रत्येक टीमचा बोर्ड हिरवागार दिसायचा, आणि दुकानदाराच्या हातात मात्र नवीन काहीच पडत नव्हतं.

कारण साधं आहे. सात माणसांत आपसात बोलणाऱ्या जोड्या २१ होतात, ३५ माणसांत ५९५. एवढ्या जोड्या कोणी एक माणूस सांभाळू शकत नाही, कितीही मीटिंगा लावल्या तरी. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: एका टीमवर दुसरीसाठी थांबून राहायची वेळ कमीत कमी यावी.

एक टीम कशी चालते, स्प्रिंट (ठरलेल्या मुदतीचा कामाचा टप्पा) आणि बॅकलॉग (करायच्या कामांची क्रम लावलेली यादी) कसे वापरतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून मी लिहिते आहे.

आधी हाताशी काय हवं

पहिल्या आठवड्यात एवढं गोळा करा. यातलं निम्मं तुमच्याकडे कोणाच्या तरी डोक्यात असेल, कागदावर नसेल.

- प्रत्येक टीममधली माणसं, ती कुठल्या ऑफिसात बसतात, कोणाला कुठला कोड येतो
- सगळ्या टीम्सचे बॅकलॉग, आहेत तसे
- प्रॉडक्टचा एका पानावरचा नकाशा: कुठला भाग कुठल्या भागाशी बोलतो
- टीम्सच्या मधल्या प्रत्येक एपीआयची (एका भागाच्या कोडने दुसऱ्याकडून माहिती मागायचा ठरलेला मार्ग) यादी आणि तो कोण सांभाळतं त्याचं नाव
- प्रत्येक टीम "झालं" कशाला म्हणते, ते त्यांच्याच शब्दांत
- पुढच्या सहा महिन्यांचं सुट्ट्यांसकट कॅलेंडर
- सगळ्या कोडच्या रिपॉझिटरीज वाचायची परवानगी, तुमच्यासाठी आणि सगळ्या टीम्ससाठीही

शेवटचा मुद्दा हलका समजू नका. आमच्याकडे एका टीमचा कोड दुसरीला दिसायचाच नाही. परवानगी मिळवायला मला अडीच आठवडे लागले, आणि ती मिळाल्या दिवसापासून निम्मे प्रश्न ईमेलशिवाय सुटायला लागले.

१. टीम्स खरंच इतक्या लागतात का, ते विचारा

हा प्रश्न अवघड वाटतो, पण पहिल्याच आठवड्यात विचारला तर कोणी वाईट वाटून घेत नाही. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. नव्या माणसाला शिकवायला जुन्याच माणसांचा वेळ जातो, आणि जोड्या वाढतात त्या वेगळ्याच. चार टीम्सनी भागत असेल तर पाचवी उभारू नका. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत टीम साधारण १० किंवा त्याहून कमी माणसांची असावी असं म्हटलंय. त्यापेक्षा मोठी झाली तरच विभागा.

२. टीम कशाभोवती बांधली आहे ते तपासा

सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडतो, आणि सगळ्यात जास्त विरोधही इथेच होतो.

आमच्या टीम्स भागांनुसार होत्या. एक मोबाइल ॲपची, एक पेमेंटची, एक सेटलमेंटची (जमा झालेले पैसे दुकानदाराच्या बँकेत पोहोचवणारी), एक कर्जाची, एक डेटाची. बघायला नीटनेटकं. मग एक स्टोरी, म्हणजे ग्राहकाला काय हवं ते एका वाक्यात सांगणारं काम, आली: "दुकानदाराला आज बँकेत किती रक्कम जमा होणार ते दुकान बंद करताना दिसावं." मी ती स्टोरी हातात धरून तिच्या मागे मागे गेले. आकडा सेटलमेंट टीमकडे, तो काढायला लागणारे व्यवहार पेमेंटकडे, साठवण डेटाकडे, स्क्रीन मोबाइलकडे. पेमेंटने पहिल्या स्प्रिंटमध्ये एपीआय दिला. सेटलमेंटने तो दुसऱ्या स्प्रिंटमध्ये वापरायला घेतला, तेव्हा कळलं की परतावा दिलेले व्यवहार त्यात येतच नाहीत. पुन्हा पेमेंटच्या रांगेत. दुकानदाराला आकडा दिसला तो चौथ्या स्प्रिंटच्या अखेरीस, म्हणजे आठ आठवड्यांनी. प्रत्यक्ष काम मोजलं तर ते नऊ-दहा दिवसांचं होतं. बाकी सगळा वेळ ती स्टोरी कोणाच्या ना कोणाच्या दारात उभी होती.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलेलं निरीक्षण हेच सांगतं: संस्थेत लोक जसे एकमेकांशी बोलतात, तशीच रचना त्यांनी बनवलेल्या प्रणालीत उतरते. टीम्समध्ये भिंती असतील तर त्या कोडमध्येही उभ्या राहतात.

यावरचा उपाय म्हणजे अशी टीम, जी ग्राहकाला उपयोगी पडणारी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करू शकते. तिला फीचर टीम म्हणतात. पण पाचही टीम्स एका दिवसात मोडून नव्याने बांधू नका. आम्ही हे असं केलं:

आधी एकच टीम निवडली, तीही स्वतःहून तयार झालेली. "दुकानदाराचा रोजचा हिशेब" हा पूर्ण विषय तिच्याकडे दिला. पेमेंट आणि मोबाइलमधला एकेक जण तीन स्प्रिंटसाठी त्या टीममध्ये बसायला गेला, पाहुणा म्हणून नव्हे, टीमचा माणूस म्हणून. कोड कोणीही बदलू शकेल असं ठरवलं, पण प्रत्येक भागाला दोन-दोन राखणदार नेमले. बाहेरच्या टीमचा बदल ते त्याच दिवशी तपासून देतात. राखणदाराने फक्त चूक दाखवायची नाही, शेजारी बसून शिकवायचं.

इथला सापळा: जुन्या जाणत्या माणसांना वाटतं, आपल्या हातातला भाग काढून घेतला. त्यांच्याशी आधी, एकटं बसून बोला. आमच्या सेटलमेंटमधले एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, "हे पैशांचं काम आहे, उद्या कोणी नवशिक्याने हात घातला आणि चुकलं तर जबाब मला द्यावा लागेल." त्यांची भीती खरी होती. म्हणून त्यांच्या भागासाठी आम्ही आधी टेस्ट्स लिहिल्या, दोन स्प्रिंट त्यातच घालवले, आणि मग दार उघडलं.

३. बॅकलॉग एकच, आणि त्याचा क्रम लावणारा माणूसही एकच

पाच टीम्स, पाच बॅकलॉग, पाच प्रॉडक्ट ओनर (कामांचा क्रम ठरवणारी माणसं). प्रत्येकाचं पहिलं काम "सगळ्यात महत्त्वाचं". मग कर्जाच्या टीमला जे आज हवं ते पेमेंटच्या यादीत सतराव्या क्रमांकावर असतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

स्क्रम गाइडमध्ये हे स्पष्ट आहे: अनेक टीम्स एकाच प्रॉडक्टवर काम करत असतील तर त्यांचं प्रॉडक्ट गोल, बॅकलॉग आणि प्रॉडक्ट ओनर एकच असावा. लगेच विचारलं जातं, "एक माणूस पाच टीम्सना कसा पुरा पडणार?" पडतो. फक्त त्याच्याकडून क्रम लावण्याचं काम घ्यायचं. तपशील टीम्सनी स्वतः शोधायचे, थेट ग्राहकाकडून, सपोर्टच्या लोकांकडून, ऑपरेशन्सकडून. आमच्या एका टीमने मस्जिद बंदरला जाऊन दोन दुपारी घाऊक दुकानांत काढल्या. तिथे दुकानदार स्क्रीनकडे बघतच नाही, हात मालात असतात, तो पैसे आल्याचं सांगणाऱ्या स्पीकरचा आवाज ऐकतो. ते बघून आल्यावर त्यांनी निम्म्या स्टोरीज पुन्हा लिहिल्या. एवढं कुठल्याही प्रॉडक्ट ओनरने कागदावर लिहून दिलं नसतं.

पाच याद्या एकत्र करताना रडारड होते. आमच्या याद्यांची बेरीज ६०० च्या वर गेली होती. सहा महिन्यांत ज्याला कोणी हात लावला नाही ते सगळं बाजूला काढलं, आणि त्यातलं फारच थोडं नंतर कोणी परत मागितलं. वरच्या दोन-तीन स्प्रिंटपुरतं काम बारीक करा, बाकीचं ढोबळ राहू दे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: टीम्सच्या पॉइंट्सची, म्हणजे काम केवढं मोठं आहे याच्या प्रत्येक टीमच्या आपल्या अंदाजाची, बेरीज करू नका, तुलना तर मुळीच नको. एका टीमचे ५ आणि दुसरीचे ५ ही एकाच मापाची गोष्ट नाही. वरिष्ठांना तक्ता हवा असतो म्हणून मी एकदा तो दिला. "अंधेरी ४२, ऐरोली २७." पुढच्या स्प्रिंटला ऐरोलीचे पॉइंट्स ४० झाले, काम तेवढंच होतं. आकडे फुगले आणि दोन ऑफिसांत मनं दुखावली, तीही चांगलं काम करणाऱ्या माणसांची. तो तक्ता मी परत कधी पाठवला नाही. त्याऐवजी या स्प्रिंटमध्ये ग्राहकाच्या हातात काय गेलं त्याची यादी पाठवते.

४. "झालं" या शब्दाचा अर्थ एकच ठरवा

पाच टीम्सना वेगवेगळं विचारा, काम झालं म्हणजे काय? कोणी म्हणेल कोड लिहिला, कोणी म्हणेल टेस्टिंगला दिला. सगळ्यांना एका खोलीत बसवा आणि किमान यादी ठरवा. आमची अशी आहे: मुख्य शाखेत (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये) मर्ज झालंय, म्हणजे मिसळलंय, बाकी टीम्सच्या कोडसकट स्टेजिंगवर (ग्राहकाकडे जाण्याआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर) चालतंय, आपोआप चालणाऱ्या टेस्ट्स आहेत, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही भाषांतला मजकूर आलाय, सपोर्टला कळवलंय. एखाद्या टीमला याहून कडक यादी हवी असेल तर चालेल, सैल चालणार नाही.

५. रोज एकत्र जोडा

फक्त एकच पायरी पाळायची असेल, तर ही पाळा.

आमचा तो शुक्रवार सांगते. स्प्रिंटचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे सात. पाचही टीम्सच्या शाखा, म्हणजे वेगवेगळ्या ठेवलेल्या कोडच्या प्रती, आम्ही एकत्र मर्ज करत होतो, कारण तेव्हा दोन आठवड्यांतून एकदाच जोडायची पद्धत होती. स्टेजिंगवर कर्जाचा स्क्रीन उघडला. चाचणीसाठी ठेवलेल्या दुकानाची रोजची सरासरी विक्री ४,२५० रुपये, तिच्या जागी ४,२५,००० दिसत होती, आणि त्या हिशेबाने कर्जाची मर्यादा शंभरपट झाली होती. पेमेंट टीमने रकमा रुपयांऐवजी पैशांत पाठवायला सुरुवात केली होती. त्यांचा निर्णय योग्य होता, दशांश चिन्हातल्या चुका त्यामुळे टळतात. कर्जाच्या टीमला ते माहीत नव्हतं. दोन्हीकडच्या सगळ्या टेस्ट्स पास, कारण दोघंही स्वतः बनवलेल्या खोट्या डेटावर टेस्ट करत होते. रात्री साडेदहापर्यंत आम्ही तेरा जण बसलो होतो. ऐरोलीचे दोघं फोनवर होते, एकजण लोकलमधून बोलत होता आणि आवाज तुटत होता. हे प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या खऱ्या ॲपमध्ये, गेलं असतं तर भरणं शक्य नाही अशी कर्जं खऱ्या माणसांच्या माथी बसली असती. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

त्यानंतर आम्ही ठरवलेलं, आणि तुम्हीही ठरवावं असं मला मनापासून वाटतं:

रोज मर्ज. कोणाचीही शाखा दोन दिवसांपेक्षा जास्त जगू द्यायची नाही. पाचही टीम्सची मुख्य शाखा एकच.

अर्धवट काम टॉगलमागे. फीचर पूर्ण नसेल तरी कोड आत येतो, फक्त फीचर टॉगल (कोडमधला चालू-बंद करायचा स्विच) बंद ठेवायचा. प्रत्येक टॉगलवर तो काढून टाकायची तारीख लिहा. नाहीतर वर्षभरात शेकडो टॉगल साठतात आणि कुठला चालू असताना काय होतं ते कोणालाच सांगता येत नाही.

कराराच्या टेस्ट्स. एपीआय वापरणारी टीम आपल्याला काय अपेक्षित आहे ते टेस्टच्या रूपात लिहून देते: हे फील्ड असेल, ते पूर्णांक असेल, एकक पैसे असेल. ही टेस्ट एपीआय देणाऱ्या टीमच्या बिल्डमध्ये (कोड जोडून आपोआप तपासला जातो तिथे) चालते. त्यांनी काही बदललं आणि समोरच्याचं मोडलं, तर बिल्ड त्यांच्याच स्क्रीनवर लाल होतो, त्याच तासाला. आमच्या त्या शुक्रवारचा घोळ यामुळे पहिल्याच मंगळवारी, चहाच्या आत पकडला गेला असता.

जुनं लगेच तोडायचं नाही. नवं फील्ड जुन्याच्या शेजारी द्या, सगळे नव्यावर आले की मगच जुनं काढा. आणि एकक फील्डच्या नावातच घाला, म्हणजे वाचणाऱ्याला विचारावं लागत नाही.

बिल्ड लाल झाला की सगळ्यांचं पहिलं काम तेच. पंधरा मिनिटांत दुरुस्त झालं नाही तर तो बदल मागे घ्यायचा. कोणी केला हे शोधत बसायचं नाही, कोणाला बोलायचं तर मुळीच नाही. एकदा कोणी रागावलं की लोक मर्ज करायला घाबरतात, शाखा लांबतात आणि पुन्हा तो शुक्रवार येतो.

६. एकच घड्याळ

सगळ्यांचे स्प्रिंट एकाच दिवशी सुरू आणि एकाच दिवशी संपू द्या. आमचा दोन आठवड्यांचा आहे, आता बुधवार ते मंगळवार. सोमवारी आणि शुक्रवारी रजा जास्त पडतात, म्हणून आठवड्याच्या मध्यावर सुरुवात.

प्लॅनिंग दोन भागांत करा. पहिल्या भागात प्रत्येक टीममधले दोघं-तिघं आणि प्रॉडक्ट ओनर: कुठली टीम काय घेणार, कोणाचं कोणात गुंतलंय. कोणती टीम कुठलं काम घेईल ते टीम्सनाच ठरवू द्या. दुसऱ्या भागात प्रत्येक टीम आपलं आपलं बारीक नियोजन करते, पण जमेल तेव्हा एकाच हॉलमध्ये. शेजारच्या टेबलावर जाऊन "अहो, हे तुमच्याकडून सोमवारपर्यंत मिळेल का?" असं विचारायला दहा पावलं पुरतात. ऑनलाइन असताना त्याच प्रश्नाला दोन दिवस लागतात.

गुंतलेल्या कामांसाठी भिंतीवर एक मोठा तक्ता ठेवा. प्रत्येक चिठ्ठीवर तीन गोष्टी: कोणाला हवंय, कोणाकडून, कुठल्या तारखेपर्यंत. आणि चिठ्ठीवर दोन्ही टीम्सच्या माणसाचं नाव. देणाऱ्याने स्वतःच्या हाताने नाव लिहिलं नसेल तर ते मागणं आहे, कबुली नाही. तक्त्यावर चिठ्ठ्या वाढत चालल्या तर दुसऱ्या पायरीवर परत जा, टीम्सच्या रचनेतच काहीतरी चुकतंय.

मुंबईत हे करताना प्रवासाचा विचार करावाच लागतो. ऐरोलीहून अंधेरीला यायचं म्हणजे ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे, तिथून घाटकोपर, मग मेट्रो. साडेनऊची प्लॅनिंग ठेवली तर ऐरोलीची माणसं दमून-भागून, वैतागून पोहोचतात आणि पहिला तास वाया जातो. आम्ही ११ वाजता सुरू करतो, आणि एक स्प्रिंट अंधेरीला तर पुढचा ऐरोलीला. हे आळीपाळीने होणं फार गरजेचं आहे. नेहमी एकाच ऑफिसात बोलावलं तर दुसरं ऑफिस आपोआप दुय्यम ठरतं. जुलैमध्ये मात्र प्लॅनिंगच्या आदल्या संध्याकाळी पावसाचा अंदाज बघा आणि गरज पडली तर सगळेच घरून जोडा. काही खोलीत, काही पडद्यावर असं झालं की पडद्यावरच्यांचं कोणी ऐकत नाही.

७. टीम्सनी आपसात बोलायचं, तुमच्यामार्फत नव्हे

स्क्रम ऑफ स्क्रम्सबद्दल तुम्ही ऐकलं असेल: प्रत्येक टीममधून एकजण येतो, सगळे मिळून थोडा वेळ बोलतात. आठवड्यातून दोन-तीनदा, १५ मिनिटं पुरे. मॅनेजरना पाठवू नका. कोडला हात लावणारी माणसं येऊ द्या, आणि ती बदलत राहू द्या. तीनच प्रश्न ठेवा: आम्ही असं काय केलं ज्याचा तुमच्यावर परिणाम होईल, असं काय करणार आहोत, आणि तुमच्यामुळे आम्ही कुठे अडलोय.

हा सापळा ओळखा: तीन आठवड्यांत या बैठकीची हजेरी होते. "आमचं ऐंशी टक्के झालंय, काही अडचण नाही." असं ऐकू आलं की थांबवा. ऐंशी टक्क्यांचा कोणालाही उपयोग नाही.

याहूनही जास्त उपयोग मला दुसऱ्याच एका सवयीचा झाला. आमची एक मुलगी, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं, रोज दुसऱ्या एका टीमच्या स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीला) नुसती ऐकायला जाऊन बसायची. परत येऊन आपल्या टीमला दोन वाक्यांत सांगायची. लार्ज-स्केल स्क्रम म्हणजे लेस या पद्धतीत अशा माणसाला स्काउट म्हणतात. पाच महिन्यांत तिच्याइतका पूर्ण प्रॉडक्ट कोणालाच कळत नव्हता.

बोलायला मराठी, हिंदी, मिश्र, जे सुचेल ते. निर्णय मात्र त्याच दिवशी एकाच ठरलेल्या जागी लिहा: काय ठरलं, कोणी ठरवलं, का. चॅटमध्ये ठरलेलं चॅटमध्येच वाहून जातं.

तुमच्यासाठीही एक पथ्य आहे. कोणी येऊन म्हणालं, "पेमेंटवाल्यांना जरा विचाराल का?" तर त्याला घेऊन पेमेंटवाल्यांच्या टेबलापाशी जा, ओळख करून द्या आणि तिथून निघा. निरोप्या झालात की तुम्ही रजेवर गेलेल्या दिवशी सगळं गाडं अडतं.

८. डेमो एकत्र, एकाच बिल्डवर

पाच टीम्सचे पाच डेमो नकोत. एकच बिल्ड, खऱ्या फोनवर, त्यातही एक जुना स्वस्त फोन हवा, कारण आपले ग्राहक तोच वापरतात. सपोर्टची माणसं बोलवा, ती सगळ्यात नेमके प्रश्न विचारतात. प्रत्येक टीमचा आपला रेट्रो (स्प्रिंटमध्ये काय जमलं, काय सुधारायचं याची बैठक) होऊ द्या, आणि त्यानंतर प्रत्येकीतले एक-दोन जण मिळून एक मोठा रेट्रो, फक्त टीम्सच्या मधल्या अडचणींवर. त्यातून एकच सुधारणा निवडा आणि ती पुढच्या स्प्रिंटच्या बॅकलॉगमध्ये घाला.

९. कॅलेंडर: गणपती, ३१ मार्च आणि मेगाब्लॉक

पहिल्या वर्षी भाद्रपदातल्या स्प्रिंटमध्ये मी नेहमीएवढंच काम धरलं. ऐरोलीच्या दोन टीम्समधले आठ जण रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे. गौरी-गणपतीला ते गावी जाणारच, आणि जावंच. ते काम तीन टीम्सच्या गळ्यात पडलं. आता आम्ही आधीच विचारतो. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे कोण कधी जाणार हे दोन महिने आधीच ठरलेलं असतं. त्या स्प्रिंटमध्ये अनेक टीम्सना मिळून करायचं असं काहीच घेऊ नका, ज्याला दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागत नाही तेवढंच घ्या.

पैशांचं प्रॉडक्ट असेल तर ३१ मार्चच्या आसपास आणि धनत्रयोदशी ते भाऊबीज प्रॉडक्शनला हात लावू नका. दुकानदाराच्या वर्षातले ते सगळ्यात गर्दीचे दिवस.

आणि सगळ्यांच्या स्टेजिंगवर परिणाम होणारे डेटाबेसचे मोठे बदल एका ठरलेल्या वेळेत करा. मुंबईत देखभालीसाठी लोकल बंद ठेवतात त्यावरून आम्ही त्याला मेगाब्लॉकच म्हणतो: गुरुवारी दुपारी २ ते ४, मंगळवारपर्यंत जाहीर करायचं, कुठला भाग बंद आणि पर्यायी मार्ग कुठला हे लिहून. नाव असं ठेवल्यामुळे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

१०. कुठली पद्धत घ्यायची?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, मी मुद्दाम शेवटी घेतला. अनेक टीम्सनी मिळून स्क्रम करायच्या तयार पद्धतींची थोडक्यात ओळख:

लेस ही क्रेग लार्मन आणि बास वोडे यांची पद्धत दोन ते आठ टीम्ससाठी आहे. एकच बॅकलॉग, एकच प्रॉडक्ट ओनर, नव्या भूमिका जवळजवळ नाहीत. आठपेक्षा जास्त टीम्ससाठी तिचंच मोठं रूप आहे. नेक्सस ही केन श्वाबर यांनी २०१५ मध्ये आणली, साधारण तीन ते नऊ टीम्ससाठी. तिच्यात सगळ्यांचं काम नीट जोडलं जातंय ना हे बघणारी एक इंटिग्रेशन टीम असते. सेफ ही डीन लेफिंगवेल यांची, २०११ पासूनची. ५० ते १२५ माणसांची एक ट्रेन, म्हणजे अनेक टीम्सचा एक गट, धरून ८ ते १२ आठवड्यांचं नियोजन सगळे मिळून करतात. भूमिका आणि बैठका बऱ्याच आहेत.

आमच्यासारख्या पाच टीम्स असतील तर माझा स्पष्ट सल्ला: लेस किंवा नेक्ससच्या वाटेने सुरुवात करा आणि लागेल तेवढंच वाढवत न्या. कंपनीने सेफ ठरवूनच टाकलं असेल तर त्यावर भांडण्यात शक्ती घालवू नका. वरच्या पायऱ्यांतलं रोज मर्ज करणं, एकच "झालं" आणि थेट बोलणं त्यातही पूर्णपणे करता येतं.

पहिले चार आठवडे

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. प्रत्येक टीमच्या स्टँडअपला बसा, वरची यादी गोळा करा, आणि एक स्टोरी निवडून तिच्या मागे शेवटपर्यंत जा, ती कुठे किती दिवस थांबली ते तारखांसकट लिहा. दुसऱ्या आठवड्यात तो कागद सगळ्यांसमोर ठेवा, कोणाचंही नाव न घेता, आणि "झालं"ची यादी ठरवा. तिसऱ्या आठवड्यात रोज मर्ज सुरू करा, निदान दोन टीम्सपुरतं, आणि त्या दोघींमधल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या एपीआयवर पहिली कराराची टेस्ट लिहून घ्या. चौथ्या आठवड्यात एकत्र डेमो. बिल्ड कुठे अडखळला तरी डेमो पुढे ढकलू नका, जिथे अडखळला ती जागा तक्त्यावर लिहा. पुढच्या प्लॅनिंगची पहिली चिठ्ठी तीच.